ट्रेवार्थाबाईंचा शुक्रवार

यालामऱ्या गावच्या शाळेत शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वह्यापुस्तकं मिटायची, हा नियम नोएला ट्रेवार्थानं छत्तीस वर्षं पाळला. घंटा झाली की मुलं बाकं भिंतीकडे सरकवायची, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या निघायच्या आणि कोण कुणाच्या गटात ते ठरायचं. मग बाई काम सांगायच्या. कधी दहा वर्तमानपत्रं आणि एक चिकटपट्टी देऊन वीट पेलेल असा पूल करायला लावायच्या, कधी पाण्याच्या टाकीवरून खाली सोडलेलं अंडं फुटणार नाही असं काहीतरी बांधायला. एकदा सगळ्या वर्गानं मिळून आपल्या हातापायांनी गव्हाच्या कापणीचं यंत्र करायचं होतं. मोठी मुलं चाकं झाली, मधली पट्टे झाली, आणि पहिलीतली पोरं गहू होऊन यंत्राच्या पोटातून लोळत पलीकडे निघाली. त्या संध्याकाळी मुलांच्या केसांतली लाल माती धुताना गावातल्या बायकांनी बाईंना बरंच काही म्हटलं असणार.

तोंडावरही म्हणायचे लोक. पोरांना दोऱ्या ओढायला शाळेत कशाला पाठवायचं, आमच्याकडे मेंढ्या आहेत की ओढायला, असं म्हातारा ओब्स्ट पोस्टाच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. नोएला म्हणायची, मेंढ्या एकमेकींचं ऐकत नाहीत, मिस्टर ओब्स्ट, म्हणून तर त्या मेंढ्याच राहिल्या. म्हातारा हसायचा आणि नातीला शुक्रवारी मुद्दाम वेळेवर पाठवायचा.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती या गावात आली, तेव्हा शाळेत सेहेचाळीस मुलं होती आणि त्यांतला एक मुलगा सगळ्यांच्या वाटचं बोलायचा. त्याच्या बापाची जमीन गावात सगळ्यांत मोठी. कुठलीही गोष्ट झाली की हा ओरडायचा, माझी कल्पना, माझी कल्पना. आणि हळूहळू बाकीच्यांनी विचार करायचाच सोडून दिला होता. नोएलानं पहिल्याच वर्षी फळ्याच्या वर एक पट्टी लावली. ‘कल्पना कुणाची ते विचारायचं नाही. दोरी सगळ्यांच्या हातात आहे का ते बघायचं.’ त्याच्या जोडीला तिची एक सवय होती. एखादं बुजरं पोर काही सांगू बघतंय आणि गटात कुणी ऐकत नाहीय असं दिसलं, की ती मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. बोलायची काही नाही. बाईंचा हात खांद्यावर आला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कितीतरी मुलं त्या हाताखाली पहिल्यांदा धड वाक्य बोलली.

तीन वर्षांनी तिनं मर्व्ह ट्रेवार्थाशी लग्न केलं. मर्व्ह रेल्वेच्या रुळालगतच्या गव्हाच्या कोठारांवर कामाला होता. कमी बोलणारा, हातानं फार कुशल. शुक्रवारचं निम्मं सामान त्याच्याच छपरीतून यायचं: फळ्या, कप्प्या, आठ दोऱ्या बांधलेलं लोखंडी कडं, ज्यावर चेंडू ठेवून आठ जणांनी तो न पाडता मैदानापलीकडे न्यायचा. नोएला जेवताना सांगायची, मला अमुक हवंय, आणि मर्व्ह रविवारपर्यंत करून ठेवायचा. वर्गात मात्र तो कधी गेला नाही. त्यांना एकच मुलगा झाला, कोरिन.

कोरिन पाच वर्षांचा होऊन शाळेत जायला लागला, त्याच्या आदल्या दिवशी नोएलानं त्याला समोर बसवून समजावलं, की फाटकाच्या आत मी तुझी आई नाही, बाई आहे. इतर मुलं बाई म्हणतात तसंच तूही म्हणायचं. साडेतीनला फाटकाबाहेर पडलो की परत आई. कोरिननं हे खेळासारखं घेतलं. साडेतीनला फाटकाच्या अलीकडे उभा राहून तो ‘बाई, बाई, बाई’ म्हणायचा आणि उडी मारून बाहेर पडला की ‘आई’. येणारेजाणारे थांबून बघायचे.

लहान गावात शिक्षिकेचं पोर म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर. त्याला चांगले गुण मिळाले तर आईनं दिले, कमी मिळाले तर आईनं मुद्दाम दिले. नोएलाला पहिलं बोलणं सोसवत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूला झुकली. प्रश्न विचारला की कोरिनचा हात सगळ्यांत आधी वर असायचा आणि तिची नजर त्याच्यावरून पुढे जायची. पोरगा चुणचुणीत होता. त्याला आपण नाही बोलू दिलं तरी त्याचं काही अडत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

तो अकरा वर्षांचा असताना, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, मैदानावर खडूनं दोन लांब रेघा ओढल्या होत्या. मधली जागा ही नदी. नदीच्या मध्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली. गटात सहा जण, दोन लांब दोऱ्या, आणि पाय नदीत न घालता, पाणी न सांडता बादली काठावर आणायची. मुलं एका काठावर उभी राहून दोरीचे फास फेकत होती. डॅरेन नोस्के नावाचा दांडगा मुलगा सगळ्यांना हुकूम सोडत होता. फास बादलीला लागायचा, पाणी हिंदकळायचं, डॅरेन शिव्या घालायचा.

कोरिनला दिसलं होतं. नदीला शेवट होता. रेघा मैदानाच्या कुंपणाशी संपत होत्या, आणि वळसा घालून पलीकडच्या काठावर जायला कुणी मना केलं नव्हतं. निम्मे पलीकडे गेले, दोऱ्यांना बादलीभोवती पीळ दिला आणि दोन्हीकडून ताणल्या, की बादली अलगद उचलली जाणार. तो डॅरेनला सांगू लागला, डॅरेननं ऐकलं नाही. शेजारच्या जनेल ओब्स्टला सांगितलं, ती नुसतीच बघत राहिली. मग त्यानं आईकडे पाहिलं. तो फार काही मागत नव्हता. तिनं चार पावलं चालून यावं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, जसा ती कुणाच्याही ठेवायची, एवढंच.

नोएलाला तेही दिसलं होतं. त्याचे ओठ हलताना दिसले होते आणि त्याला काय सुचलंय हेसुद्धा तिनं त्याच्या बोटाच्या खुणेवरून ओळखलं होतं. कुंपणाशी दोन बायका मुलांना न्यायला लवकर येऊन उभ्या होत्या. तिनं मान वळवून शाळेच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाच मिनिटांनी जनेल ओब्स्टनं हळूच हात वर केला. जनेल वर्षभरात दहा वाक्यंही बोलली नव्हती. नोएला जवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, सगळे गप्प झाले, आणि जनेलनं कुंपणाकडे बोट दाखवून सांगितलं. बादली थेंबभर न सांडता काठावर आली. मुलांनी जनेलला डोक्यावर घेतलं. कोरिननंही दोरीचं एक टोक धरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवायला मटणाच्या फासळ्या आणि कुस्करलेले बटाटे होते. कोरिन बराच वेळ काट्यानं बटाट्यात रेघा ओढत बसला होता.

“ती कल्पना माझी होती,” तो म्हणाला.

“गटात कल्पना कुणाची हे विचारायचं नसतं, कोरिन. तुला माहीत आहे.”

त्यानं मान वर केली. “हो, बाई,” तो म्हणाला.

घरात, जेवणाच्या टेबलावर, पहिल्यांदाच. मर्व्हनं ताटातून मान वर करून बायकोकडे पाहिलं. नोएला हसली. तिला वाटलं, पोर चिडलंय, सकाळी विसरेल.

तो विसरला नाही. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. फक्त ‘आई’ हा शब्द हळूहळू कमी होत गेला. शुक्रवारी तो सांगितलं ते करायचा, दोरी धर म्हटलं की धरायचा, ओढ म्हटलं की ओढायचा. हात मात्र त्यानं परत कधी वर केला नाही. नोएलानं सोबतच्या शिक्षिकेला कौतुकानं सांगितलंसुद्धा, की कोरिन आता समंजस झालाय, दुसऱ्यांना बोलू देतो.

तेराव्या वर्षी तो बसनं मोठ्या गावच्या शाळेत जाऊ लागला आणि अठराव्या वर्षी पश्चिमेकडे, सोन्याच्या खाणींवर निघून गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. नोएलानं उचलला तर तिकडून ठरलेलं वाक्य: “बाई, बाबा आहेत का?” ती विचारायची कसा आहेस, तो म्हणायचा बरा आहे, ती विचारायची जेवतोस ना वेळेवर, तो म्हणायचा हो. मग मर्व्ह फोन घ्यायचा आणि दोघं अर्धा अर्धा तास इंजिनांबद्दल, पावसाबद्दल बोलत राहायचे. नोएला भांडी विसळत ऐकायची. एकाआड एक नाताळला तो घरी यायचा, बापाबरोबर छपरावर चढून पत्रे बसवायचा, आईनं केलेला फळांचा केक मागून खायचा. पाहुण्यांसमोर ‘आमच्या बाई’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

एकदाच, तो पंचवीस वर्षांचा असताना, ती बोलली. तो मागच्या दाराची माश्या अडवणारी जाळी बदलत होता. ती चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, मला आई म्हण ना रे. त्यानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले, तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत, उलट तिचं वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. “सवय राहिली नाही आता,” तो म्हणाला. मग त्यानं चहा घेतला आणि छान झालाय म्हणाला.

इकडे शाळाही ओसरत होती. शेतं मोठी होत गेली, यंत्रं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली, कुटुंबं शहराकडे गेली. सेहेचाळिसांची वीस मुलं झाली, विसांची नऊ. नोएला आता एकटीच शिक्षिका होती. शुक्रवारी कड्याच्या आठ दोऱ्या धरायला हात पुरावेत म्हणून ती कधी पोस्टातून, कधी बेकरीतून मोठ्या माणसांना बोलावून आणायची.

दोन हजार आठच्या सप्टेंबरमध्ये, एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, शेजारच्या गावचा पोलीस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं टोपी काढली तेव्हाच नोएलाला कळलं. तिनं सगळ्यांत मोठ्या मुलीला सांगितलं, धडा मोठ्यानं वाचत राहा, मी येते, आणि ती बाहेर गेली. आतून मुलीचा वाचण्याचा आवाज येत होता.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास, नलरबोरच्या माळरानावर, सरळसोट रस्त्यावर कोरिनच्या गाडीचं चाक फुटलं होतं. गाडी तीनदा उलटली. तो एकटाच होता. जागीच गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

त्याला यालामऱ्यातच पुरलं. चर्चच्या पायऱ्यांवर माणसं मावली नाहीत. नोएला सगळ्यांशी बोलली, सँडविच कमी पडताहेत का ते बघत राहिली, आणि सोमवारी शाळेत गेली. मर्व्ह मात्र छपरीत जाऊन बसायचा आणि तिथल्या कशालाही हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनी खाणीवरून निरोप आला, त्याची खोली रिकामी करायची आहे, आणि सोबतच्यांनी एका संध्याकाळी त्याच्यासाठी जमायचं ठरवलंय, तुम्ही याल का. दोघं विमानानं आणि मग रेल्वेनं गेले.

खोलीत थोडंच होतं. पलंग, मासे धरायचा गळ, घडी करून ठेवलेले शर्ट. मर्व्हनं गळ उचलला, बाकीचं नोएलानं बांधलं. मग तामाती नावाचा कोरिनचा एक सोबती त्यांना न्यायला आला. न्यूझीलंडचा माओरी माणूस, दारात मावणार नाही एवढा, आणि आवाज एकदम हलका. कोरिन नऊ जणांच्या तुकडीचा प्रमुख होता, तामाती त्याचा उजवा हात. कोरिन कुठे निघाला होता, हे नोएलानं त्याला पहिल्यांदा विचारलं. तामातीला माहीत नव्हतं. दहा दिवसांची रजा होती, जरा गाडी चालवून येतो म्हणाला, एवढंच.

जेवणाच्या खोलीत सगळे जमले होते. चहा होता, बिअर होती, कुणीतरी मासे भाजले होते. तामातीनं दोघांना भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर नेलं. फळ्यावर तारखा आणि तारखांपुढे नावं होती. शेवटची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, पुढे नाव ‘काइली’. हे आम्ही पुसलं नाही, तामाती म्हणाला.

मग तो सांगायला लागला. कोरिन आल्यापासून दर आठवड्याला, कामाची पाळी सुरू होण्याआधी, तुकडीला काहीतरी करायला लावायचा. कधी नळ्यांचे तुकडे आणि दोरी, कधी लोखंडी कडं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या, कधी नुसतं कोडं. पहिल्यांदा सगळ्यांनी टवाळी केली, बालवाडी उघडलीय म्हणाले. पण खाली, जमिनीच्या पोटात, एकमेकांचं ऐकायची सवय लागते तेव्हा काय फरक पडतो ते त्यांनी पाहिलं. दोन वर्षांपूर्वी छत खचलं तेव्हा सगळे बाहेर आले, कारण सगळ्यांत नव्या पोरीनं, काइलीनं, दुसरी वाट सुचवली आणि आठ जणांनी तिचं ऐकलं.

“हे त्याला कुणी शिकवलं होतं?” मर्व्हनं विचारलं.

“त्याच्या शाळेतल्या बाईंनी,” तामाती म्हणाला. “सारखं त्यांचंच नाव. बाई असं म्हणायच्या, बाई तसं म्हणायच्या. कुणी बोलायला बिचकलं की हा मागून यायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. म्हणायचा, बाई असंच करायच्या, त्यांच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही.”

नोएला फळ्याकडे बघत होती. “आणि ही नावं?” तिनं विचारलं.

“ती त्याची स्वतःची भर. काम झालं की तो विचारायचा, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? आणि ते नाव इथे लिहायचा. म्हणायचा, बाईंच्या खेळात एवढंच राहून गेलं होतं.”

तिनं फळ्याची कड धरली. तामातीला वाटलं, मुलाची आठवण आली. त्यानं तिला खुर्ची दिली, समोर वाकून बसला, आणि तुमच्या गावचीच शाळा ना ती, असं विचारलं. त्यांना कळवायला हवं, पण नाव माहीत नाही, कोरिन नुसतं बाईच म्हणायचा. त्या बाई आहेत का अजून?

“आहेत,” नोएला म्हणाली. “मी सांगेन त्यांना.”

बाहेर आल्यावर, गाडीच्या दाराशी, मर्व्हनं तिला विचारलं की सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “इतक्या वर्षांत त्यानं नाही सांगितलं, मर्व्ह. मग मी कसं सांगू?” मुलाचा गळ मर्व्हनं परतीच्या सगळ्या प्रवासात गुडघ्यांमध्ये धरून ठेवला होता.

घरी आल्यावरच्या शुक्रवारी तिनं नेहमीसारख्या चिठ्ठ्या काढल्या. मुलांनी काठ्या आणि रबरांचा मनोरा बांधला, चांगला खांद्याएवढा झाला. मग नोएलानं खडू घेतला आणि विचारलं, खाली रुंद करायचं हे आधी कुणाला सुचलं? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीच बोलेना. तिनं परत विचारलं. शेवटी इमोजेन नावाची सात वर्षांची पोर म्हणाली, “पण बाई, तुम्हीच म्हणता ना, ते विचारायचं नसतं.” आणि तिनं फळ्याच्या वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. नोएला बाकावर बसली. मुलांना तिनं लवकर घरी सोडलं, आणि मर्व्ह तिला शोधत आला तेव्हा ती रिकाम्या वर्गात खुर्चीवर उभी राहून ती पट्टी काढत होती. चौतीस वर्षांचा गोंद, भिंतीचे पोपडे घेऊनच पट्टी निघाली.

पोस्टाच्या खिडकीवर आता जनेल ओब्स्ट बसायची. बारीक आवाजाची, पण सगळ्या गावाची खबर ठेवणारी बाई झाली होती ती, तीन मुलांची आई. एक दिवस खिडकीशी कुणी नाही असं बघून नोएलानं तिला त्या शुक्रवारबद्दल विचारलं. नदी, बादली, आठवतं का तुला?

जनेलच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

“मला ते कोरिननं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी तुमच्याकडे येऊन सांगणार होते. मग वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत होतं.”

“मग, बाई...” जनेल थांबली. ती खिडकीच्या मागून उठून बाहेर आली आणि नोएलाला घेऊन दाराजवळच्या बाकावर बसली. मग तिनं सांगितलं, की त्या दिवशी पहिल्यांदा सगळी मुलं तिच्याशी बोलली, तिला आपल्यात घेतलं. तो दिवस नसता तर आपण या खिडकीत बसलो नसतो. ती हे नोएलाला बरं वाटावं म्हणून सांगत होती. नोएलानं तिचा हात थोपटला. तिला एवढंच दिसत होतं, की तो हात जनेलच्या खांद्यावर जायला नको होता असं नाही. दोघांच्याही खांद्यांवर हात ठेवता आला असता, तिला दोन हात होते.

शाळा आणखी दोन वर्षं चालली. नोएलानं शुक्रवार बंद केला नाही. काम झालं की ती नाव विचारायची, आणि मुलं हळूहळू सांगायला शिकली. कधी भांडणंही व्हायची नावावरून. ती भांडू द्यायची. दोन हजार दहाच्या डिसेंबरमध्ये पाच मुलं उरली होती, तेव्हा खात्यानं शाळा बंद केली. निरोपाला गावानं केक आणला, भाषणं झाली, जुने विद्यार्थी लांबून आले. म्हातारा ओब्स्ट राहिला नव्हता. प्रत्येक जण तिला सांगत होता, बाई, तुमच्या हाताखाली मी बोलायला शिकलो. ती सगळ्यांना थँक्यू म्हणत होती.

पुढच्या एप्रिलमध्ये मर्व्ह म्हणाला, जाऊन बघू या ती जागा. आपणहून त्यानं काही मागितल्याची ती पहिलीच वेळ. दोन दिवस गाडी चालवून ते माळरानावर पोचले. पोलिसांनी सांगितलेला किलोमीटरचा दगड सापडला. तिथे काही नव्हतं. झुडपं, दगड, वारा, आणि दोन्हीकडे दिसेनासा होईपर्यंत सरळ गेलेला रस्ता. मर्व्ह रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गाडी कुठल्या बाजूला जात होती हे त्याला पोलिसांच्या कागदावरून पाठ होतं, तरी त्यानं हातानं दाखवलं. पूर्वेकडे.

“घरीच येत होता तो,” मर्व्ह म्हणाला. “दुसरं काय आहे इकडे?”

नोएला म्हणाली, इकडे समुद्र आहे, मासे आहेत, तो मासे धरायला निघाला असेल. मर्व्ह म्हणाला, “गळ खोलीत होता, नोई. मीच उचलला.”

तिला हे माहीत होतं. अडीच वर्षं ती त्या गळाशी येऊन अडत होती. पण घरी येत होता म्हणावं, तर तो काहीतरी बोलायला येत होता असं म्हणावं लागलं असतं, आणि ते काय होतं हे आता कधीच कळणार नव्हतं. फक्त बापाला भेटायलाही निघाला असेल. तिनं मर्व्हला तसं म्हटलं. मर्व्हनं मान हलवली. होय म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, नुसतीच हलवली.

कोरिन आला त्या बाजूला, पश्चिमेकडे चाळीस किलोमीटरवर एक पेट्रोलपंप होता. तिथे जाऊन नोएलानं काउंटरवरच्या बाईला कोरिनचा फोटो दाखवला. बाईनं चष्मा लावून नीट पाहिला. दिवसाला शंभर माणसं येतात, ती म्हणाली, आणि मी इथे गेल्या वर्षीच आले. तिनं दोघांना चहा दिला आणि मांसाचं सारण भरलेली गरम पेस्ट्री दिली. ते खिडकीशी बसून जेवले.

परतताना मर्व्ह थकला होता, म्हणून नोएलानं गाडी घेतली. मर्व्ह शेजारी झोपला. ती त्या दगडापासून पुढे पूर्वेकडे चालवत राहिली, कोरिनचा जेवढा रस्ता राहिला होता तेवढा सगळा. वाटेत एका मोटेलात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यालामऱ्याची कोठारं दिसली. घरासमोर तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि हात चाकावर तसेच ठेवून बसून राहिली. मर्व्ह जागा झाला. त्यानं आपल्या बाजूचं दार उघडलं, पण उतरला नाही. ती उतरेपर्यंत तोही बसून राहिला.